संगमावरचे कैरो

इजिप्तची राजधानी कैरो सर्वांस ठाऊक आहे. तिचेच नाव धारण करणारे एक लहान गाव अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकास आहे. तेथील लोक त्याचा उच्चार ‘केरो’ असा करतात.

नकाशा पाहावा. ओहायो नदी मिसिसिपीस जेथे मिळते, तेथील दुआबाच्या टोकावर हे गाव वसले आहे. जमीन सखल असल्यामुळे पूर अडविण्यासाठी भोवती बांध घातलेले आहेत.

दोन्ही नद्यांतून वाहतूक चाले. म्हणून हे ठिकाण मोक्याचे ठरले. यादवी युद्धात १८६१ साली जनरल ग्रँटने येथे तळ दिला होता. १९२० च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या १५,२०३ भरली. २०२० मध्ये मात्र ती अवघी १,७३३ उरली!

असे का झाले? रेल्वे, पूल व मोटाररस्ते झाल्यावर नावांचा व्यापार ओसरला, हे एक कारण. दुसरे माणसांनी निर्माण केले. कृष्णवर्णीयांस प्रवेश देण्यापेक्षा १९६३ साली पोहण्याचा तलावच बंद करण्यात आला. १९६७ साली एका तरुण कृष्णवर्णीय सैनिकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला व दंगे उसळले. कृष्णवर्णीयांस नोकऱ्या मिळेनात, म्हणून १९६९ पासून त्यांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. कित्येक दुकानदारांनी दुकाने बंद केली, पण नोकऱ्या दिल्या नाहीत. काम गेले, तशी दोन्ही वर्णांची कुटुंबे गाव सोडून गेली.

तात्पर्य, नदीकाठची उत्तम जागा निसर्ग देतो. पण गाव नांदते ते शेजाऱ्याने शेजाऱ्यास सामावून घेतल्यानेच. भूगोलाच्या पाठाबरोबर मुलांनी हेही ध्यानी ठेवावे.