मुंजा पिंपळावरच का राहतो?

प्रश्न : आमच्या घरामागे पिंपळाचा पार आहे. तिथे मुंजा आहे म्हणून सासूबाई तिन्हीसांजेनंतर नातवाला तिकडे फिरकू देत नाहीत. पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून जुन्या लोकांनी भुताची भीती घातली, असं त्याला शाळेत सांगितलं. ‘मुंज्या’ सिनेमा पाहिल्यापासून तर तो मागची खिडकीही उघडत नाही. खरं काय मानायचं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कार्बन डायऑक्साइडचं आधी निकालात काढू. रात्री तो वायू प्रत्येकच झाड सोडतं. आंबा, फणस, अंगणातली तुळससुद्धा. उघड्यावर तो विरून जातो. बंद खोलीत शेजारी झोपलेल्या माणसाच्या श्वासाने हवा जेवढी बदलते, तेवढीही पारावरची बदलत नाही. हे स्पष्टीकरण मी शिकल्यासवरल्या घरांत कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. त्यात विज्ञान तर चुकतंच, पण जुन्या माणसांना काय सांगायचं होतं तेही ऐकायचं राहून जातं.

त्यांना सांगायचं होतं एका मुलाबद्दल. मुंजीत बटूच्या कमरेला मुंज नावाच्या गवताची मेखला बांधतात, त्यावरून तो मुंजा. ही मेखला सोडण्याचा विधी म्हणजे सोडमुंज, आणि ती सहसा लग्नाच्या तोंडावर होते. मुंज झाली, सोडमुंज राहिली आणि मुलगा गेला, तर त्याचा मुंजा होतो. म्हणजे वय आठ-दहा वर्षांचं. ज्या काळात पटकी, देवी, साधा ताप घरातली मुलं ओढून नेत होता, त्या काळात असा मुलगा गमावलेलं घर शोधायला लांब जावं लागत नसे. आदित्य सरपोतदार यांच्या २०२४ च्या सिनेमातला मुंज्या लग्नासाठी हटून बसतो. तो हट्ट पटकथेसाठी आणलेला नाही, त्याचं मूळ इथेच आहे.

आता पिंपळ. (काही गावांत मुंजा विहिरीतही असतो.) एखाद्या संध्याकाळी पाराखाली उभे राहा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचीक असतो, त्यामुळे अंगाला न जाणवणाऱ्या झुळकीनेही पानं हलतात, एकमेकांवर आपटतात, आणि वर पाऊस सुरू झाल्यासारखा आवाज येतो. बाकीची झाडं स्तब्ध, हेच एक बोलतंय. फळं पिकली की अंधारात वटवाघळं येतात, अर्धवट खाल्लेली फळं टपटप खाली पडतात. त्यात पिंपळ तोडायचा नाही हा दंडक, म्हणून गावातलं सगळ्यात जुनं झाड बहुधा तोच. ज्याचं सगळंच राहून गेलं त्या मुलाला लोकांनी न तुटणाऱ्या झाडावर जागा दिली, असं मला वाटतं.

आपल्याकडची बाकीची भुतंही अशीच आहेत. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. पाण्यात बुडून गेलेला गिऱ्हा होतो, तो पाण्यापाशीच राहतो. पोटी मूल नसताना गेलेला आणि पैशात जीव अडकलेला समंध होतो, आपलं धन दुसऱ्याला लाभू देत नाही. ब्राह्मणाचा तोच ब्रह्मसमंध. मेल्यावरही जात सुटत नाही, हेही या भुतांनी जपून ठेवलंय. इंग्रजी भयकथांशी ही भुतं ताडून पाहा. हॉरेस वॉलपोलच्या १७६४ च्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’पासून इंग्रजीत गॉथिक कादंबरी सुरू झाली असं मानतात. तिथे बळकावलेली गादी आणि खरा वारस यांवरून वाड्यात भयंकर गोष्टी घडतात. वारस आणि धन यांत अडकलेला आपला समंध त्या गोष्टींच्या सगळ्यात जवळचा. मुंजा मात्र तिथल्या वाड्यांत सापडत नाही.

या समजुतींच्या जुन्या नोंदी आज वाचता येतात त्याचं मोठं श्रेय शाळामास्तरांना आहे. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने प्रश्नावल्या पाठवल्या, मास्तरांनी गावात विचारून उत्तरं लिहिली. हाच तो नाशिकचा कलेक्टर, ज्याला अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ ला गोळ्या घातल्या. त्याच्या मागे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती टिपणं संकलित केली, कोकणचा भाग १९१५ मध्ये निघाला. सिनेमे येतील आणि जातील, पण ‘आमच्या गावात हे असं सांगतात’ असं लिहून ठेवणाऱ्या त्या माणसांचं ऋण मोठं आहे.

मुलाला वायूचं कारण सांगू नका आणि ‘भूतबीत काही नसतं’ म्हणून गप्पही बसवू नका. भर दुपारी त्याला पारावर न्या, एक पान हातात देऊन देठ हलवायला लावा. आवाज कुठून येतो ते कळलं की खिडकी उघडायला तो धजेल. मग मुंजा कोण होता ते सांगा.

आणि सासूबाईंशी बोला. श्रावणातल्या शनिवारी आपल्याकडे पिंपळाची पूजा करतात. त्याच दिवशी मुंज झालेल्या एखाद्या मुलाला घरी बोलावून, तेल लावून, न्हाऊ घालून पोटभर जेवायला वाढायची रीत अनेक घरांत आहे. त्या मुलालाही मुंजाच म्हणतात. तुमच्या घरी ती रीत होती का, कोणाला बोलवत, पानात काय वाढत, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. जमलं तर येत्या श्रावणात एक पान वाढा.