पराभवानंतर

विजय मिळाला म्हणजे मनुष्याची कीर्ती दशदिशांना पसरते. पराभव झाला म्हणजे तीच कीर्ती एका रात्रीत ओसरते. हा अनुभव जीवनाच्या सर्वच क्षेत्रांत येतो; परंतु मुष्टियुद्धाच्या रिंगणात तो जितक्या कठोर रूपाने येतो, तितका क्वचितच अन्यत्र येत असेल. सांघिक खेळातील पराभव सर्व खेळाडूंमध्ये वाटला जातो. मुष्टियोद्धा एकटा हरतो आणि सहस्रावधी प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हरतो. आपल्या आखाड्यात चीतपट झालेला मल्ल निदान अंगावरची माती झाडून चालत बाहेर येतो. मुष्टियोद्ध्याला पुष्कळदा दोघांच्या आधाराने न्यावे लागते.

मुष्टियुद्धात स्पर्धकांचे वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. त्यांतील सर्वांत वजनदार गटाला ‘हेवीवेट’ म्हणतात. या गटाच्या जगज्जेत्याला विशेष मान असतो. लढतीची प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. ठोसा बसून स्पर्धक खाली पडला, तर पंच दहापर्यंत अंक मोजतो. तेवढ्या अवधीत जो उठत नाही, तो हरतो. दहा अंक मोजण्यास असा कितीसा वेळ लागतो? परंतु जगज्जेत्याच्या वाट्याला आलेला मान, धन आणि लौकिक एवढ्याशा अवधीत दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

असे पद गमावल्यावर योद्ध्यापुढे कोणता मार्ग उरतो? बहुतेकांच्या दृष्टीने निवृत्तीचाच. हेवीवेट गटात एकदा गेलेले जगज्जेतेपद परत मिळत नाही, अशी अनेक वर्षे सर्वांची समजूत होती आणि इतिहासही त्याच बाजूने साक्ष देत होता. निवृत्तीनंतर परतलेला जेम्स जेफ्रीज १९१० साली अयशस्वी ठरला. जॅक डेम्प्सी याने १९२६ साली पद गमावले. १९२७ साली त्याने पुन्हा प्रयत्न केला, तोही निष्फळ झाला. सुमारे बारा वर्षे अजिंक्य राहून १९४९ साली निवृत्त झालेला जो लुई १९५० साली परत रिंगणात उतरला, तेव्हा त्याच्याही पदरी अपयशच आले. ही समजूत ज्याने प्रथम खोटी ठरविली, त्याचे नाव फ्लॉइड पॅटरसन.

पॅटरसनचा जन्म ४ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका गरीब निग्रोवंशीय, म्हणजे आज ज्यांना आपण आफ्रिकन-अमेरिकन म्हणतो अशा, कुटुंबात झाला. भावंडे अकरा, वडील मजुरी करीत. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात राहावयास आले. फ्लॉइड हा अतिशय लाजाळू व भित्रा मुलगा होता. अंगावरील मळक्या, आखूड कपड्यांची आणि आपल्या अज्ञानाची त्याला इतकी लाज वाटे की, शाळा चुकवून तो भुयारी रेल्वेच्या बोगद्यातील एका अंधाऱ्या खोलीत दिवस दिवस लपून बसे. घरात टांगलेल्या एका छायाचित्रात त्याने स्वतःच्याच चेहऱ्यावर काट मारली होती. आपला ‘हा मुलगा’ आपल्यालाच आवडत नाही, असे तो आईला सांगे.

हातून किरकोळ चोऱ्या घडू लागल्यावर दहा वर्षांच्या या मुलाला न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक नावाच्या निवासी शाळेत पाठविण्यात आले. वाट चुकलेल्या मुलांसाठी असलेल्या या शाळेच्या आधारस्तंभांमध्ये श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट यांचा समावेश होता. येथे त्याला प्रथमच मायेने शिकविणारी शिक्षिका भेटली. वर्गात उत्तर चुकले तर कोणी हसत नाही, हे कळल्यावर तो बोलू लागला. मुष्टियुद्धाचे पहिले पाठही त्याने येथेच घेतले. पुढे न्यूयॉर्कमध्ये कस डमाटो या कुशल मार्गदर्शकाने त्याला घडविले. दोन्ही मुठी गालांशी धरून चेहरा झाकायचा आणि संधी दिसताच विजेच्या वेगाने झेप घ्यायची, ही त्याची शैली झाली.

१९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धा भरल्या. याच स्पर्धांत आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे सुपुत्र खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्याच हेलसिंकीत सतरा वर्षांच्या पॅटरसनने मिडलवेट गटाचे सुवर्णपदक पटकाविले. आणि तेथेच स्वीडनच्या एका तरुण मुष्टियोद्ध्याच्या कपाळी मोठी नामुष्की आली. त्याचे नाव इंगेमार योहान्सन. हेवीवेट गटाच्या अंतिम लढतीत तो पुरेशा जिद्दीने लढत नाही, असे ठरवून पंचांनी त्याला बाद केले आणि त्याचे रौप्यपदकही रोखून ठेवण्यात आले. एक गळ्यात सुवर्णपदक घालून, तर दुसरा खाली मान घालून घरी परतला. सात वर्षांनंतर या दोघांचीच गाठ पडणार होती.

रॉकी मार्सियानो १९५६ साली अजिंक्य असतानाच निवृत्त झाला. रिकाम्या झालेल्या पदासाठी ३० नोव्हेंबर १९५६ रोजी शिकागो येथे पॅटरसनने आर्ची मूर या अनुभवी योद्ध्याला पाचव्या फेरीत नमविले. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. इतक्या लहान वयात त्यापूर्वी कोणीही हेवीवेट जगज्जेता झाला नव्हता. पुढे चार वेळा त्याने आपले पद राखले.

२६ जून १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये योहान्सन त्याच्यासमोर उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताच्या ठोशाची युरोपात ख्याती होती. अमेरिकेत मात्र पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटे. तिसऱ्या फेरीत तो उजवा हात सुटला आणि पॅटरसन कोसळला. तो उठला, पण त्याला भान नव्हते. तो पुन्हा पडला, पुन्हा उठला. एकाच फेरीत सात वेळा तो भूमीवर आला. अखेर पंचांनी लढत थांबविली. हेलसिंकीत अपमानित झालेला तरुण जगज्जेता झाला आणि सुवर्णपदकाचा मानकरी पदच्युत झाला.

यानंतरचे काही आठवडे पॅटरसनच्या आयुष्यातील अतिशय दुःखाचे होते. घराचे पडदे ओढून तो आत बसून राही. त्याला झोप येईना; कोणाला तोंड दाखवावेसे वाटेना. बोगद्यातील अंधाऱ्या खोलीत लपणारा मुलगाच जणू परत आला होता. पराभवाचे शारीरिक घाव थोड्या दिवसांत भरून येतात. मनात बसलेली लाज मात्र सहजासहजी जात नाही.

तथापि, करारान्वये पुन्हा लढण्याची एक संधी त्याला होती. हळूहळू तो सावरला आणि शहराच्या गजबजाटापासून दूर कनेटिकट राज्यात एका ओसाड वास्तूत राहून सराव करू लागला. आपण का हरलो, या प्रश्नाचे उत्तर त्याने नशिबात शोधले नाही. प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात कोणत्या क्षणी सुटतो, त्यापूर्वी त्याचा डावा हात काय करतो आणि त्या वेळी आपण कोठे असतो, या गोष्टींवर त्याने लक्ष केंद्रित केले. पहिल्या लढतीच्या वेळी त्याचे वजन सुमारे १८२ पौंड होते. दुसऱ्या लढतीसाठी ते १९० पौंडांपर्यंत आले, ते मेदाने नव्हे, तर कसदार स्नायूंनी.

२० जून १९६० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर दोघे पुन्हा भेटले. दुसऱ्या फेरीत योहान्सनचा तोच भयंकर उजवा ठोसा बसला. पण या वेळी पॅटरसन ढळला नाही. पाचव्या फेरीत त्याच्या डाव्या हाताच्या ठोशाने योहान्सन खाली आला. नवव्या अंकाला तो कसाबसा उठला. परंतु पुढच्याच डाव्या ठोशाने तो निश्चेष्ट पडला. हेवीवेट गटातील गमावलेले जगज्जेतेपद परत मिळविणारा पहिला पुरुष म्हणून पॅटरसनचे नाव इतिहासात नोंदले गेले.

प्रेक्षक जयघोष करीत होते. इतक्यात पॅटरसनची दृष्टी खाली गेली. योहान्सन अजून शुद्धीवर आला नव्हता. त्याचा एक पाय थरथरत होता. आनंदोत्सव सोडून पॅटरसन त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि त्याने त्याचे मस्तक आधाराने उचलून धरले. त्या वर्षभर आपल्या मनात प्रतिस्पर्ध्याविषयी द्वेष साठला होता आणि तसा द्वेष पुन्हा कधीही मनात येऊ नये, असे त्याने पुढे बोलून दाखविले. पद परत मिळविणे हा त्याचा पराक्रम खरा. पण विजयाच्या क्षणी त्या द्वेषातून बाहेर पडणे, हा त्याहून मोठा पराक्रम होय. १९६१ साली त्याने योहान्सनला तिसरी लढत दिली आणि तीही जिंकली.

ही कथा येथे संपती, तर ती ऐकावयास गोड लागली असती. परंतु सत्य याहून कठीण आहे. सनी लिस्टन नावाचा एक बलाढ्य योद्धा पदाची संधी मागत होता. मार्गदर्शकाचा विरोध असतानाही, ज्याचा हक्क आहे त्याला संधी मिळालीच पाहिजे, असे मानून पॅटरसनने आव्हान स्वीकारले. २५ सप्टेंबर १९६२ रोजी लिस्टनने त्याला पहिल्याच फेरीत धूळ चारली. लोकांना तोंड दाखवावे लागू नये म्हणून पॅटरसनने लढतीपूर्वीच खोटी दाढी जवळ ठेवली होती. ती लावून तो रातोरात निघून गेला. १९६३ साली लिस्टनशी पुन्हा गाठ पडली, तेव्हाही पहिल्याच फेरीत तेच घडले. कष्ट करणाऱ्याला यश मिळतेच, असा नियम नाही. समोरचा आपल्याहून सरस असतो, हेही कधी कधी मान्य करावे लागते.

तरीही त्याने रिंगण सोडले नाही. १९६५ साली मुहम्मद अली याच्याविरुद्ध आणि १९६८ साली जिमी एलिस याच्याविरुद्ध जगज्जेतेपदासाठी तो झुंजला; दोन्ही वेळा हरला. १९७२ साली अलीशीच त्याची शेवटची लढत झाली. एकूण ६४ लढतींपैकी ५५ त्याने जिंकल्या. सर्वाधिक वेळा खाली पडलेला योद्धा म्हणून लोक आपल्याला ओळखतात. पण सर्वाधिक वेळा उठलेलाही आपणच, असे तो म्हणत असे. या बोलण्यात गर्व नव्हता आणि लाजही नव्हती. खोटी दाढी लावणारा मनुष्य आता उघड्या चेहऱ्याने बोलत होता.

निवृत्तीनंतर न्यूयॉर्क राज्यातील न्यू पाल्झ या गावी तो मुलांना मुष्टियुद्ध शिकवू लागला. त्यांपैकी ट्रेसी नावाच्या मुलाला त्याने दत्तक घेतले. तो १९९२ साली आपल्या वजनगटात जगज्जेता झाला. योहान्सनशी तर त्याची गाढ मैत्री जडली. दोघे समुद्र ओलांडून एकमेकांच्या भेटीस जात. हेलसिंकीत रोखलेले रौप्यपदकही योहान्सनला तीस वर्षांनी, १९८२ साली, सन्मानपूर्वक देण्यात आले.

या पराक्रमाचे मोलही त्याला द्यावे लागले. मस्तकावर वारंवार बसणाऱ्या आघातांनी मेंदूला इजा होते, हे आज वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. न्यूयॉर्क राज्याच्या क्रीडा-आयोगाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या पॅटरसनला १९९८ साली स्मृती दगा देऊ लागल्यामुळे ते पद सोडावे लागले. ११ मे २००६ रोजी त्याचे निधन झाले. उठणे हे जसे धैर्य आहे, तसे योग्य वेळी थांबणे हेही धैर्यच आहे. आणि ते पुष्कळदा अधिक अवघड असते.

पॅटरसननंतर आणखी काहींनी गेलेले पद परत मिळविले. जॉर्ज फोरमन याने १९७४ साली गमावलेले जगज्जेतेपद वीस वर्षांनी, १९९४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जिंकले. पण पद परत मिळणे किंवा न मिळणे, एवढ्यावर पराभूताचे मोल ठरत नाही. जो आपला दोष नेमका ओळखतो, हरविणाऱ्याचा द्वेष करीत नाही आणि लाजेने तोंड लपवून बसत नाही, त्याच्याजवळ गमावण्यासारखे फारसे काही उरत नाही. देण्यासारखे मात्र पुष्कळ उरते. स्वतःच्या छायाचित्रावर काट मारणारा मुलगा पुढे अनेक मुलांचा गुरू झाला, हे त्याचे सर्वांत मोठे जगज्जेतेपद होय.

स्वाध्याय

१. हेवीवेट गटात गमावलेले जगज्जेतेपद परत मिळत नाही, अशी समजूत का रूढ झाली होती? पाठातील उदाहरणे देऊन लिहा.
२. हेलसिंकी येथील स्पर्धेत पॅटरसन आणि योहान्सन यांना आलेल्या अनुभवांची तुलना करा.
३. अंधारी खोली, ओढलेले पडदे आणि खोटी दाढी यांतून पॅटरसनच्या स्वभावाची कोणती बाजू दिसते? ती पुढे कशी बदलली?
४. ‘योग्य वेळी थांबणे हेही धैर्यच आहे,’ या विधानाविषयी तुमचे मत दहा ओळींत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धूळ चारणे, भान हरपणे, तोंड लपविणे, गाठ पडणे.