नादारीनंतरची नोकरी आणि पगाराचा हिशेब

वऱ्हाडात धंदा बुडाला की माणूस दोनपैकी एक रस्ता धरतो. एक म्हणजे रात्रीतून कुलूप लावून सुरत, भिवंडी किंवा मुंबई गाठणे. दुसरा म्हणजे गावातच राहून कुणाच्या तरी दुकानात, जिनिंगमध्ये किंवा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेबनीस म्हणून नोकरी धरणे. पहिल्या रस्त्याविषयी आम्हाला काही लिहावयाचे नाही. दुसरा रस्ता धरणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्यालाच जास्त प्रश्न पडतात. पहिला पगार हातात पडण्यापूर्वीच देणेकरी मालकाच्या गल्ल्यापाशी येऊन उभे राहतात. मालक म्हणतो, "भाईजान, तुमचे हे झंझट आधी मिटवा." घरी मुलांची फी थकलेली असते. अशा वेळी पगारातील किती रक्कम आपली आणि किती देणेकऱ्यांची, हे त्या माणसाला ठाऊक नसते. भीतीपोटी तो सगळाच पगार वाटून टाकतो किंवा सगळाच लपवतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

प्रथम कायदा कोणता ते पाहू. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा नादारी कायदा आहे. बाकी मुलखासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे, आणि अमरावती व अकोला या जिल्ह्यांना हाच लागू होतो. २०१६ साली दिल्लीत नवी नादारी व दिवाळखोरी संहिता झाली, तिचा गाजावाजा सर्वांनी ऐकला आहे. परंतु व्यक्तींसंबंधीचा तिचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला. आपला कापडवाला, किराणावाला, सरकी-ढेपेचा अडत्या यांना अजून जुन्याच कायद्याने जिल्हा न्यायालयात जावे लागते. देणे ५०० रुपयांहून कमी नसेल आणि ते फेडण्याची ऐपत नसेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. ५०० हा आकडा १९२० चा आहे, तो कुणी बदललेला नाही.

न्यायालयाने नादार ठरवले की त्या माणसाची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. वेगवेगळ्या देणेकऱ्यांनी वेगवेगळे दावे लावून ओढाताण करावयाची नाही, सर्वांनी रिसीव्हरकडे आपले येणे सिद्ध करून हिश्श्याप्रमाणे घ्यावयाचे, अशी ही पद्धत आहे. गहाण घेतलेला देणेकरी मात्र आपल्या गहाणापुरता मोकळा राहतो. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. पण कलम २८ चे पुढचे वाक्य माहीत नसते. ते असे की, नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता मिळण्यापूर्वी तो माणूस जे काही मिळवील तेही रिसीव्हरकडे जाईल. हे ऐकून पुष्कळांचे पाय गळतात. मग नोकरी करावी कशाला, असा प्रश्न ते विचारतात.

त्याचे उत्तर त्याच कलमात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्त होऊ शकत नाही, ते रिसीव्हरकडेही जात नाही. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. शिंप्याचे शिवणयंत्र आणि सुताराचा रंधा त्याच्याकडेच राहतात. हमाल, रोजंदारीवरील मजूर, घरगडी यांची मजुरी पूर्णपणे मुक्त आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांनाही हात लावता येत नाही. पगाराचा नियम निराळा आहे: पहिले १,००० रुपये मुक्त, आणि उरलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांश मुक्त. बाकी एक तृतीयांश तेवढा देणेकऱ्यांसाठी. ही हजाराची मर्यादा २००२ पासूनची आहे, त्यापूर्वी ती ४०० होती.

उदाहरण घेऊ. समजा, अकोल्यात रेडिमेडचे दुकान बुडालेल्या एका गृहस्थांना अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये दरमहा २२,००० रुपयांवर नोकरी लागली. १,००० वजा करता २१,००० उरले. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १४,०००. एकूण १५,००० रुपये त्यांचे, आणि ७,००० देणेकऱ्यांचे. पुढे पगार २५,००० झाला तर त्यांचे १७,००० आणि देणेकऱ्यांचे ८,०००. म्हणजे वाढीच्या ३,००० पैकी २,००० घरात राहिले. पगारवाढ घेऊन काय उपयोग, सगळे देणेकरीच नेतील, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पोटगीच्या हुकुमासाठी मात्र नियम कडक आहे. तेथे फक्त एक तृतीयांश पगार मुक्त राहतो.

हा हक्क सोडून देता येत नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. देणेकऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले की "माझा संपूर्ण पगार यांना द्यावा, माझी हरकत नाही," तरी कलम ६० च्या सवलतीपुरता तो करार रद्दबातल आहे. असे कागद आमच्या भागात सर्रास लिहून घेतले जातात, आणि सही करणारा ते पाळणे म्हणजे ईमानदारी समजतो. घरची चूल बंद ठेवून एकाच दांडग्या देणेकऱ्याचे पोट भरणे यात बाकीच्या देणेकऱ्यांवरही अन्याय होतो.

नादारीचा अर्ज केलाच नसेल, नुसता कुणाचा तरी हुकूमनामा झाला असेल, तर रीत थोडी वेगळी. देणेकरी न्यायालयामार्फत मालकाला पगार कापण्याचा आदेश आणतो. पगार देणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो, म्हणून हुकूमनामा अकोल्याचा आणि नोकरी अमरावतीची असेल तर तो आधी अमरावतीला वर्ग करून घ्यावा लागतो. आदेश न जुमानता मालकाने पूर्ण पगार दिला तर ती रक्कम मालकाच्या अंगावर येते, म्हणून मालकावर रुसू नये. एका हुकूमनाम्यापायी कपात चालू असताना दुसरा आला, तर दुप्पट कपात होत नाही, मालकाने तसे न्यायालयाला कळवावयाचे असते. आणि एकाच हुकूमनाम्यापायी एकूण २४ महिने कपात झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा होतो. कपातीची प्रत्येक पावती जपून ठेवा, कारण हे २४ महिने सिद्ध तुम्हालाच करावयाचे आहेत.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिलेल्या करारावरून संस्था मालकाकडून थेट पगारातून हप्ता घेऊ शकते. नादार ठरल्यावर असा जुना करार कुठे पडून आहे काय, हे रिसीव्हरला सांगावे, नाहीतर एकीकडे हप्ता आणि दुसरीकडे रिसीव्हरचा वाटा अशी दुहेरी कात्री लागते. तसेच ज्या बँकेचे कर्ज थकले आहे त्याच बँकेत पगाराचे खाते ठेवू नये. बँक जमा रकमेतून आपले येणे वळते करते आणि मग भांडत बसावे लागते. दुसऱ्या बँकेत खाते उघडावे, पण रिसीव्हरला कळवून.

नव्या मालकाला सांगावे की नाही? आमचे मत, सांगावे, आणि पहिल्याच दिवशी सांगावे. न्यायालयाचा कागद नंतर टपालाने आला की नोकरी जाण्याची भीती जास्त. सरकारी नोकरीत तर पर्यायच नाही, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये नादारीविषयी नियम घातलेला आहे. आधीच्या भागीदारीची चिंता करू नये. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नादार ठरल्याच्या दिवसापासून माणूस भागीदार राहत नाही. कंपनीचा संचालकही त्याला मुक्तता मिळेपर्यंत होता येत नाही.

उधारीची गोष्ट वेगळीच गमतीची आहे, पण तिच्यात तुरुंग आहे. मुक्तता न मिळालेल्या नादाराने, आपण नादार आहोत हे न सांगता कुणाकडून ५० रुपये किंवा अधिक उधार घेतले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ५० रुपयांत आज किराणा दुकानातून काय येते हे वाचकांना सांगावयास नको. म्हणजे हप्त्यावर मोबाइल घेणेसुद्धा या कलमात बसते. आणि धंदा चालू असताना दिलेले कोरे चेक कुणाकडे पडून असतील, तर चेक न वटल्याचा फौजदारी खटला नादारीच्या आदेशाने थांबत नाही. त्यांची यादी पहिल्याच दिवशी वकिलांकडे द्यावी.

आता मेहेरचा प्रश्न, जो आमच्या समाजात हमखास येतो. दुकान डुबण्याची चिन्हे दिसताच घर बीबीच्या नावे करून "मेहेरमध्ये दिले" म्हणावयाचे, ही युक्ती जुनी आहे. उधार मेहेर हे खरेच देणे आहे आणि बीबी इतरांप्रमाणे देणेकरी म्हणून रिसीव्हरपुढे उभी राहू शकते. परंतु तिला इतरांपेक्षा अग्रक्रम नाही. मोबदला न घेता केलेली हस्तांतरणे दोन वर्षांपर्यंतची रद्द होऊ शकतात. एखाद्याच देणेकऱ्याला झुकते माप दिलेले व्यवहार तीन महिन्यांपर्यंतचे. निकाहनाम्यात ५,००० आणि घर १५ लाखांचे, हे न्यायालयाला दिसतेच.

शेवटी मुक्तता. नादार ठरवताना न्यायालय मुदत देते, त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज करावाच लागतो, नाहीतर आदेश रद्द होऊन सगळे देणेकरी पुन्हा मोकळे सुटतात. कलम ४१ प्रमाणे न्यायालय मुक्तता सरळ देऊ शकते, लांबवू शकते, किंवा पुढील कमाईतून अमुक रक्कम भरण्याच्या अटीवर देऊ शकते. नोकरदारासाठी ही तिसरी वाट महत्त्वाची आहे. अर्जासोबत घरभाडे, औषध, फी, आईवडील यांचा खरा महिनाखर्च जोडावा, म्हणजे अट झेपेल अशी पडते. मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आण्यांइतकी भरत नसेल तर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. मात्र आपला दोष नव्हता हे पटवून दिले तर ही अडचण येत नाही. अंदाज चुकून कापसाचे भाव पडणे आणि उधारीवर लग्नाचे मंडप उभारणे यांतला फरक न्यायालयाला कळतो. तीन वर्षांच्या वह्या नसतील तर मात्र अडचण होते. कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, पण आमचे व्यापारी ती निकाहाच्या खुत्ब्यापेक्षाही कमी ऐकतात.

न्यायालयाने मुक्तता दिली म्हणजे अल्लाहपुढेही देणे संपले काय, असे आम्हाला एकाहून अधिक वाचकांनी विचारले आहे. कायद्याचे उत्तर: सरकारी देणे, फसवणुकीने केलेले देणे आणि पोटगी सोडून बाकी संपले. शरीअतच्या दृष्टीने देणेकऱ्याने माफ केल्याशिवाय ते संपत नाही. मात्र अडचणीत असलेल्याला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक चांगले, असा हुकूमही त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आहे, आणि तो देणेकऱ्यांसाठी आहे. फळांच्या खरेदीत बुडालेल्या एका माणसासाठी प्रेषित (स.) यांनी लोकांना सदका देण्यास सांगितले. तरीही देणे भागले नाही, तेव्हा आहे तेवढे घ्या, याहून अधिक नाही, असे त्यांनी देणेकऱ्यांना सांगितल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हनफी फिक्हच्या हिदायामध्ये तर मुफलिसाच्या कमाईतून खर्च भागून उरलेली रक्कम देणेकऱ्यांनी हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यावी, असेच सांगितले आहे. १९२० च्या कायद्याची रीत याहून फार वेगळी नाही.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूस आहे, हे सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत स्पष्ट आहे. अमरावती, अकोल्याच्या मोहल्ल्यांतून रमजानमध्ये जकात गोळा करणाऱ्यांनी मदरशांच्या यादीशेजारी अशा चार-दोन घरांची यादी ठेवावी. पगारातून ७,००० कापले गेल्यावर ज्या घरात १५,००० येतात आणि खाणारी माणसे सात आहेत, त्या घराचा हक्क तेथे आहे. रक्कम रोख हातात न देता मुलांची फी थेट शाळेत भरावी, म्हणजे वसुलीवाल्यांचा त्यावर डोळा पडत नाही.

अर्जाचा नमुना जिल्हा न्यायालयाच्या आवारातील टायपिस्टांकडे सहसा मिळत नाही, कारण असे अर्ज थोडे होतात. दिवाणी कामे पाहणाऱ्या वकिलांकडेच जावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावे. उत्पन्नाची अट बसणाऱ्यांना, तसेच स्त्रियांना, तेथे विनामूल्य वकील मिळतो. जाताना देणेकऱ्यांची नावे, रकमा आणि तारखा यांची यादी, वह्या, निकाहनामा, नेमणुकीचे पत्र आणि शेवटच्या तीन पगारांच्या पावत्या बरोबर न्याव्यात.