आठवण काढताना जपून

छोटी, परवा फोनवर तू बाबांची तीच गोष्ट पुन्हा काढलीस. मंडळाच्या गणपतीत तू गात होतीस आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, “पुरे आता.” मागच्या वर्षीच्या तुझ्या सांगण्यात त्यानंतर सगळे गप्प झाले होते. परवाच्या सांगण्यात मात्र सगळे हसले होते. तू खोटं बोलतेस असं मी मुळीच म्हणत नाही. तुला लागलं, ते खरंच आहे. पण आठवणीची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी.

२००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग केला. ठरावीक आवाज झाला की शॉक बसतो, हे उंदरांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग तो आवाज पुन्हा ऐकवून, लगेच मेंदूतल्या भीतीच्या केंद्रात प्रथिनं तयार होणं रोखणारं औषध दिलं. पुढे त्या आवाजाची भीती ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलं, तर भीती तशीच राहिली. सहा तासांनी दिलं, तरीही तशीच. म्हणजे जागी झालेली आठवण काही तास सैल होते आणि मेंदू ती पुन्हा नव्याने बसवतो. माणसाचं गणित इतकं सरळ नाही, प्रत्येक आठवण दर वेळी सैल होते असंही नाही. पण लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालावा, तसं आठवण काढताना मनात जे असेल ते तिच्यात उतरू शकतं.

दुसऱ्याचे शब्दसुद्धा उतरतात. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, काचा फुटलेल्या दिसल्या का? ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ हो म्हणाले, ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती.

म्हणून सांगते. रात्री दमलेली, चिडलेली असताना हा विषय काढू नकोस. “अगं, तुझे बाबा असेच!” म्हणून आगीत तेल ओतणाऱ्या कुणाजवळ तर नाहीच. आधी वहीत लिही: काय पाहिलं, काय ऐकलं आणि मला काय वाटलं, तिन्ही वेगवेगळं. मग तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी ये आणि बाबांनाच विचार. ते काय म्हणतील मला ठाऊक नाही, पण त्यांच्या तोंडचं ऐकलंस तर निदान तेही त्या आठवणीत जाईल.

आणि हे सगळं ऐकून स्वतःवर शंका घेऊ नकोस, बाळा. तपशील सरकला म्हणून घडलेलं पुसलं जात नाही. उद्या कुणी खरंच अन्याय केला, तर त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेव. “तुला नीट आठवत नाही” म्हणणाऱ्यापुढे तो कागद उभा राहतो.

एखादी आठवण झोपच उडवत असेल, तर मात्र एकटीने उकरू नकोस. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आणि आपल्या शहरातल्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहे. तू म्हणशील त्या दिवशी मी सोबत येते.