छोटी गाडी, घरचा हिशोब : चार गाड्यांची तुलना आणि गणिताचा एक पाठ



आपल्यापैकी बऱ्याच घरांत सध्या एक चर्चा चालू असते. दोन मुलं, सोबत आई-वडील, शाळा पंधरा-वीस किलोमीटरवर आणि पावसाळ्यात दुचाकीवर होणारे हाल. मग ठरतं, "आता एक छोटी गाडी घेऊन टाकू." पण कोणती? मेव्हणे एक सांगतात, शेजारचे दुसरी, आणि शोरूमवाला तिसरीच दाखवतो. आपण वर्गात शेकडेवारी, घनफळ, सरासरी शिकवतो. पण घरातली मोठी खरेदी करताना ते सगळं फळ्यावरच राहून जातं. चला तर मग, तेच गणित गाडीला लावून पाहूया. शेवटी पाचवी ते सातवीसाठी एक उपक्रमही दिला आहे.

१) 'छोटी गाडी' म्हणजे कोणती?

भारतात याचं उत्तर कराच्या नियमात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी केलं गेलं. तेव्हापासून कंपन्या याच मापात गाड्या बसवू लागल्या. काही गाड्यांची मागची बाजू कापल्यासारखी दिसते, त्याचं कारणही हेच. आजही लांबीची अट आहे. सप्टेंबर २०२५ पासून अशा पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे.

या वर्गाची सुरुवात आपल्याकडे मारुती ८०० ने केली. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली, इंजिन ७९६ सीसीचं. पुढे २००९ मध्ये टाटा नॅनो आली, इंजिन ६२४ सीसीचं. आज दोन्ही बनत नाहीत, पण "आपल्यालाही गाडी घेता येईल" ही भावना सर्वसामान्य घरात त्यांनीच रुजवली.

२) चार गाड्या, तीन आकडे

माहितीपत्रकातले पेट्रोल गाड्यांचे आकडे पाहा :

• अल्टो के१० – लांबी ३५३० मिमी, इंजिन ९९८ सीसी, डिक्की २१४ लिटर
• क्विड – लांबी ३७३१ मिमी, इंजिन ९९९ सीसी, डिक्की २७९ लिटर
• वॅगनआर – लांबी ३६५५ मिमी, इंजिन ९९८ किंवा ११९७ सीसी, डिक्की ३४१ लिटर
• टियागो – लांबी ३७६५ मिमी, इंजिन ११९९ सीसी, डिक्की २४२ लिटर

आता मुलांना विचारा, "सर्वांत लांब गाडी कोणती?" टियागो. "मग सर्वांत मोठी डिक्की कोणाची?" वॅगनआरची! लांबीत ती टियागोपेक्षा ११ सेंटिमीटर कमी, तरी डिक्की जवळपास १०० लिटरने जास्त. कारण जागा ही फक्त लांबीवर ठरत नाही. वॅगनआर उंच आणि चौकोनी आहे. घनफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे पाठ करून घेण्यापेक्षा या उदाहरणाने लवकर समजतं.

उंचीचा दुसरा फायदा म्हणजे आसन वर असल्याने गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना फार वाकावं लागत नाही. अल्टो बोळातून सहज वळते, पण मागे तीन मोठी माणसं दाटीने बसतात. क्विडचा तळ जमिनीपासून १८४ मिमी उंच आहे, खराब रस्त्याच्या गावात त्याचा उपयोग होतो. टियागोचं इंजिन या चौघांत ताकदवान गटातलं आहे. घाटात आणि हायवेवर भरलेली गाडी ओढताना ते जाणवतं.

३) हप्ता लहान, व्याज मोठं

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "महिन्याला किती भरू शकता?" इथेच सावध व्हायचं. समजा कर्ज ५ लाख रुपये आणि व्याजदर ९ टक्के.

• ५ वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,३८० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार
• ७ वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,०४५ रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ७६ हजार

हप्ता २,३३५ रुपयांनी कमी झाला, पण खिशातून ५३ हजार जास्त गेले. शिवाय शेवटची दोन वर्षं जुन्या होत चाललेल्या गाडीसाठी हप्ता, आणि त्याच वेळी टायर-बॅटरीचा खर्च.

जाहिरातीतली एक्स-शोरूम किंमतही अर्धीच गोष्ट सांगते. वैयक्तिक वापराच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर लागतो. म्हणजे ६ लाखांच्या गाडीवर ६६ हजार. त्यावर विमा आणि नोंदणी. त्यामुळे तुलना नेहमी ऑन-रोड किमतीची करा, आणि कोटेशनमधली प्रत्येक ओळ कशाची ते विचारा. ॲक्सेसरीज घेणं आपल्या मर्जीवर असतं.

४) "कितना देती है?"

माहितीपत्रकातलं मायलेज प्रयोगशाळेतलं असतं. खरं मायलेज काढायची साधी रीत : टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा. जितके किलोमीटर झाले त्याला जितके लिटर बसले त्याने भागा. एकदा काढून भागत नाही, निदान पाच वेळा काढून सरासरी घ्या. आमच्या गाडीच्या कप्प्यात यासाठी एक छोटी वही असते. नोंदी मुलगी करते आणि भागाकारही तिचाच.

आता गंमत पाहा. वर्षाला १०,००० किमी आणि पेट्रोल १०५ रुपये धरू. १८ चं मायलेज असेल तर ५५६ लिटर लागतं, २० चं असेल तर ५००. फरक ५६ लिटरचा, म्हणजे साधारण ५,९०० रुपये. महिन्याला पाचशेच्या आत! मायलेज नक्की पाहावं, पण दोन किलोमीटरच्या फरकासाठी बाकी सगळ्यावर पाणी सोडू नये. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर बसवल्यावर डिक्कीत किती जागा उरते, ते स्वतः उघडून पाहा.

५) हा मुद्दा शेवटी नको, आधी हवा

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली. पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. २०२० मध्ये टियागोला ४ तारे मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये अल्टो के१० ला २ आणि वॅगनआरला १ तारा मिळाला, तर लहान मुलांच्या सुरक्षेत दोघींना शून्य. हे निकाल त्या वेळी तपासलेल्या गाड्यांचे आहेत. पुढे एअरबॅगची संख्या वाढली आहे. म्हणून आपण घेत असलेल्या मॉडेलचा निकाल तारखेसह पाहा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप ही चाचणीही सुरू झाली आहे.

पण पालकहो, तारे कितीही असोत, मूल पुढच्या सीटवर मांडीत बसलं असेल तर त्यांचा उपयोग नाही. ताशी ५० किमी वेगाने गाडी आदळणं म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तीन मजल्यांवरून, खाली पडण्यासारखं आहे. अशा वेळी आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत. लहान मुलाची जागा मागे, त्याच्या मापाच्या सीटमध्ये. गाडी पाहायला गेलात की मागे तिघांनाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे का आणि मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्स हूक आहेत का, हे विचारा. म्युझिक सिस्टीम नंतर पाहता येईल.

६) वर्गातला उपक्रम : गाडी कोणाला कोणती?

एक पथ्य पाळा : "तुमच्या घरी कोणती गाडी आहे?" असं वर्गात विचारू नका. अनेक मुलांच्या घरी गाडी नसते. त्याऐवजी चार काल्पनिक कुटुंबांची कार्डं करा.

अ) आजी-आजोबांसह पाच जण
आ) कच्च्या रस्त्याचं गाव, शेतमालाच्या पिशव्या
इ) दोघंच, कमी बजेट, शहरातली अरुंद गल्ली
ई) दोन लहान मुलं, दर महिन्याला हायवेचा प्रवास

प्रत्येक गटाने किंमत, जागा, इंधन, सुरक्षा आणि सर्व्हिस सेंटरचं अंतर या पाच निकषांना मिळून १० गुण वाटायचे. जे जास्त महत्त्वाचं त्याला जास्त गुण. मग प्रत्येक गाडीला प्रत्येक निकषावर ५ पैकी गुण द्यायचे, गुणाकार करायचा आणि बेरीज करायची. चार गटांची उत्तरं बहुतेक वेगवेगळी येतात. "मग बरोबर उत्तर कोणाचं?" असं मुलं विचारतील. तेव्हा त्यांना सांगा : गाड्या त्याच आहेत, गरजा वेगळ्या आहेत. कारण सांगता आलं तर उत्तर बरोबर.

पालकांनी हाच तक्ता घरी सगळ्यांना बसवून भरावा. टेस्ट ड्राइव्हला आजींनाही न्यावं, मुलांना मागे बसवावं आणि एखादा चढ चढून पाहावा. आकडे आपण भरले की निर्णय आपला होतो, आणि पुढची पाच वर्षं हप्ता भरताना तो जड जात नाही.

उपक्रम घेतलात तर मुलांनी कोणती कारणं दिली, ती जरूर लिहून ठेवा.