अमानत आणि आंधळा विश्वास

अमानत तिच्या हक्कदाराला परत करा, असा आदेश दिव्य कुरआनने दिला आहे (सूरह अन्-निसा, आयत ५८). हा आदेश मोडला की काय घडते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ‘एफटीएक्स’ हा क्रिप्टो-चलनाचा बाजार.

ग्राहकाची ठेव ग्राहकाचीच राहील, असे त्याच्या सेवाशर्तींत लिहिलेले होते. प्रत्यक्षात संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याने ग्राहकांचे अब्जावधी डॉलर आपल्याच ‘अलामेडा रिसर्च’ या दुसऱ्या कंपनीकडे वळवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठेवीदार एकदम पैसे मागू लागले, तेव्हा द्यायला पैसेच नव्हते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात २०२३ मध्ये तो सातही आरोपांत दोषी ठरला. मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची कैद झाली.

मग लोक फसले कसे? नामवंत खेळाडू जाहिरातीत होते, मायामीच्या क्रीडागृहाला कंपनीचे नाव होते, बड्या गुंतवणूकदारांनी पैसा घातला होता. चौकशी दुसऱ्याने केलीच असेल, असे प्रत्येकाने गृहीत धरले.

घरची बचत हीसुद्धा बायकामुलांची आपल्याकडील अमानत आहे. म्हणून ती कोणाच्या हाती देण्यापूर्वी विचारावे: ठेव कोणाच्या ताब्यात राहील? हिशेब कोण तपासतो? स्पष्ट उत्तर मिळत नसेल, तर हात आखडता घ्यावा.