थर्माकोल पेटवू नका, पोत्यात भरा

जयंती झाली की दुसऱ्या दिवशी विहारामागे पांढरा ढीग साचतो. चित्ररथावरचा स्तूप, कमानीची अक्षरे, साउंडच्या खोक्यातले तुकडे. कुणीतरी काडी लावतो आणि जागा मोकळी होते. आम्हीही कित्येक वर्षे हेच केले. घरी बंब पेटवायलाही थर्माकोलच वापरला, कारण तो लवकर धरतो.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, प्लास्टिकचाच प्रकार. तो जळताना काळा, काजळीचा धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, स्टायरीनची वाफही असते. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, डोके दुखते. दम्याच्या लेकरांना तर हा धूर फारच बाधतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली स्टायरीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. आपल्या गल्ल्या अरुंद. धूर दारातून आत येतो आणि घरातच कोंडतो.

काही मुले पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून डिंक करतात. तो चिकटतो खरा, पण पेट्रोलची वाफ छातीत जाते आणि एका ठिणगीने भडका उडतो. घरात हा उद्योग नको.

पत्र्याखाली थर्माकोल लावला तर उन्हाळ्यात खोली थोडी थंड राहते, हे खरे आहे. त्याचा बहुतेक भाग हवाच असतो, म्हणून तो उष्णता अडवतो. मात्र चूल किंवा गॅस असलेल्या खोलीत तो लावू नका. पेटला तर वितळून जळते थेंब अंगावर पडतात.

भंगारवाला तो घेत नाही, कारण पोतेभर मालाचे वजनच भरत नाही. कारखान्यात मात्र दाबून, वितळवून त्याचे दाणे करतात आणि त्यांतून फोटोफ्रेमच्या पट्ट्याही निघतात. त्यासाठी माल कोरडा व स्वच्छ लागतो. रस्सा लागलेल्या ताटल्या तिथे चालत नाहीत. अशा ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदीच आहे. भोजनदानाला पत्रावळी किंवा विहाराची स्टीलची ताटे वापरावीत.

मंडप सोडतानाच खिळे, टेप काढून थर्माकोल वेगळ्या पोत्यांत भरावा. तो हाताने चुरू नये, दाणे उडून गटारात जातात. चार-पाच मंडळांचा माल एकत्र झाला तर घेणारा मिळण्याची शक्यता वाढते. वेचणाऱ्या आपल्याच मायबहिणींना आधी विचारा, कोण काय घेतो हे त्यांना पक्के ठाऊक असते.